चिकटलेलं पुस्तक

बाइंडरबाबांनी जन्मभर पुस्तकं शिवली आणि म्हातारपणी ती कोरायला घेतली. हे ऐकून कुणाला नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडावं, सुरुवातीला ते स्वतःही मुरडत होते. पण बाइंडिंगला कुणी कुत्रं फिरकेना, आणि रद्दीत मात्र जाडजूड पुस्तकं ढिगाने यायची. रद्द झालेले कायदे, जुने टेलिफोन नंबर, कुणी वापरत नाही अशा यंत्रांची माहिती. एकदा एका तरुणाने विचारलं, "बाबा, अंगठी लपवून द्यायचीय, पुस्तकाच्या पोटात जागा करून मिळेल?" बाबांनी करून दिली. मग गिऱ्हाइकांची रीघ लागली. कुणाला चाव्या ठेवायच्या असत, कुणाला दागिने, तर एका मधुमेही आजोबांना बायकोच्या नजरेआड चॉकलेटं.

काम सोपं वाटतं, पण वाटतंच फक्त. आधी पुस्तकाच्या तिन्ही कडांना पातळ गोंद लावायचा, वर वजन ठेवायचं, म्हणजे पानांची वीट होते. मग दोन बोटं कड सोडून पेन्सिलीने चौकट आखायची, स्टीलची पट्टी धरायची आणि कटरने कापत जायचं. एकदम खोल गेलं की कोपरे फाटलेच समजा. शेवटी आतल्या भिंतींना गोंद लावायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुस्तक मिटताना आत प्लास्टिक घालायचं, नाहीतर झाकणासकट सगळं चिकटून बसतं. नवशिक्याला बाबा हे पहिल्यांदा सांगत. म्हणजे नवशिकी एकच होती, त्यांची सून.

तिला ते रेडिओ म्हणायचे. तोंडावर, लाडाने. लग्न करून आली तेव्हापासून बाईचं तोंड बंद म्हणून नाही. त्यातून ती कविता करायची, आणि त्याही कागदावरच्या नाहीत, माइकसमोर उभं राहून तोंडाने म्हणायच्या. बाबांना हे काही पटायचं नाही. "जे शिवता येत नाही ते कसलं साहित्य?" असं ते म्हणत. त्यावर ती म्हणे, "आणि तुम्ही शिवलेलं कापता ते, बाबा?" मग बाबा पट्टी शोधायला लागत, जी त्यांच्या हातातच असायची.

दोन वर्षांपूर्वी तिला बाळ झालं आणि ते राहिलं नाही. घरातला रेडिओ बंद पडला. भेटायला येणारे येत, चार शब्द बोलत, जात. बाबांना त्यातला एक शब्दसुद्धा सुचला नाही. पोरीच्या दारापर्यंत जायचे आणि घसा खाकरून परत यायचे. त्यांची बायको असती तर तिने पोरीला कुशीत घेतलं असतं, पण ती आधीच गेलेली. हे मूग गिळून बसणं बाबांच्या मनातून कधीच गेलं नाही. तिच्या पडत्या काळात आपण तिच्या काडीच्या उपयोगी पडलो नाही, असं ते स्वतःला ऐकवत राहिले. करून करून केलं काय, तर तिला दुकानात आपल्या शेजारी कामाला बसवलं. तीही बसली. महिनेच्या महिने दोघं न बोलता पुस्तकं कापत होती.

आणि मग हळूहळू, कसं कुणास ठाऊक, रेडिओ खरखरायला लागला. आधी एखादा शब्द, मग भांडी घासताना एखादी ओळ. दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत, म्हणजे नावाला भिंत. पलीकडे ती कविता घोळवायची आणि अलीकडे बाबांचा कटर तिच्या ठेक्यावर चालायचा. ती कविता घरातल्या आवाजांवर होती. बाबांना ती कधी पाठ झाली ते त्यांनाही कळलं नाही. मधेच एका ठिकाणी ती नेमका नळ मोठा सोडायची आणि काही ऐकू यायचं नाही. "पाणी जातंय वाया!" बाबा ओरडायचे. नळ बंद झाला की कविता पुढे 'म्हणून'पासून सुरू. हे 'म्हणून' कशावरून म्हणून, असा प्रश्न बाबांना पडायचा, पण कवींचं काय सांगावं! एवढं मात्र खरं, की तो आवाज ऐकून त्यांच्या जिवात जीव यायचा. कापता कापता ते मनात हात जोडायचे.

तिच्या कवी मंडळींचा कार्यक्रम एका कॉफीच्या दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये व्हायचा. मागच्या खेपेला ती ही कविता घेऊन तिथे उभी राहिली आणि अर्ध्यावर अडकली. अडकली ती अडकलीच. खाली उतरून थेट घरी आली आणि आठवडाभर पुन्हा गप्प. बाबांची पाचावर धारण बसली. आता परत बोलावणं आलं तेव्हा ती दुकानात येऊन स्टुलावर बसली.

"बाबा, या वेळी नाही जमलं तर मी त्या माइकसमोर पुन्हा जाणार नाही. सोडून देणार सगळं."

"अगं पण पाठ आहे ना तुला?"

"इथे आहे. तिथे गेलं की जातं." ती जरा घुटमळली. "तिथे हातात कागद चालत नाही. पण एखादी वस्तू चालते. पुस्तक चालेल. मिटलेलं न्यायचं, आणि अगदीच अडलं तर किंचित उघडायचं."

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे कॉपी!"

"कॉपी नाही हो, आधार."

"परीक्षेत सगळे हेच म्हणतात," असं म्हणत बाबा उठले आणि मांडणीवरून सगळ्यात देखणं पुस्तक काढलं. लाल कापडी बांधणीचं, कुठल्याशा रद्द कायद्याचं. मग ते कोरायला बसले. इतकं मन लावून त्यांनी स्वतःच्या लग्नाची पत्रिकासुद्धा छापून घेतली नव्हती. कोपरे असे आले की नुसतं बोट फिरवत राहावं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तिने कागद पुस्तकाच्या पोटात ठेवला, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि आवरायला गेली. बाबांनी सहज हातात घेऊन पाहिलं. झाकणाच्या आतला कोरा कागद एका कोपऱ्यात किंचित फुगला होता. दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता. पण आयुष्यभर बाइंडिंग केलेल्या माणसाला फुगलेला कागद म्हणजे दातात अडकलेलं सुपारीचं खांड. त्यांनी कुंचला उचलला. पलीकडे रेडिओ सुरू होता, शेवटची तालीम चालली होती, आणि त्यांचं सगळं लक्ष तिकडे. हातांनी मग चाळीस वर्षांचं शहाणपण आपलं आपण केलं. आतल्या कागदाला भरपूर गोंद लावला, झाकण मिटलं, पुस्तक प्रेसमध्ये सरकवलं आणि चाक आवळलं. नवं पुस्तक बांधताना हेच तर करतात. फक्त हे बांधायचं नव्हतं, उघडायचं होतं.

संध्याकाळी निघताना त्यांनी ते पुसून तिच्या हातात दिलं. "कसं गुळगुळीत झालंय बघ," असंही म्हणाले.

हॉल भरला होता. बाबा आणि त्यांचा मुलगा मागच्या रांगेत बसले. तिचं नाव पुकारलं गेलं. ती वर गेली, पुस्तक छातीशी धरलं आणि सुरुवात केली.

"माझ्या घरात भांडी बोलतात,
दार बोलतं, नळ बोलतो,
जिना तर इतका बोलतो
की शेजाऱ्यांना सगळं कळतं.
एक मीच तेवढी
बोलायची राहिले."

आणि थांबली. बाबांनी ओळखलं, हीच ती जागा. मागच्या वेळीही इथेच अडली असणार. तिने एक श्वास घेतला, ओठ हलले, आवाज आला नाही. मग तिचा अंगठा हळूच झाकणाखाली गेला. झाकण हललं नाही. तिने पुस्तक फिरवून धरलं, नख घातलं. काही नाही. बाबांच्या डोळ्यांसमोर दुपार उभी राहिली: कुंचला, गोंद, प्रेस. प्लास्टिक? प्लास्टिक कुठे होतं? अरे देवा, मी पोरीचं पुस्तक बांधून टाकलं!

तेवढ्यात हॉलमध्ये चुटक्या वाजायला लागल्या. आधी एक, मग चार, मग सगळीकडून. त्या मंडळींची ती रीतच आहे. कुणी अडलं की हलक्या चुटक्या वाजवायच्या, म्हणजे 'घे वेळ, आम्ही आहोत'. पण हे बाबांना कुणी सांगितलेलं? आधीच स्वतःचा संताप आलेला, त्यात या चुटक्या. ते ताडकन उठले.

"चुटक्या काय वाजवता? काय मांजर आहे का ती?"

"बाबा, खाली बसा," मुलगा त्यांचा सदरा ओढत कुजबुजला. बाबा कसले बसतात!

"तिला सगळं येतं! रोज ऐकतो मी, भांड्यागणिक ऐकतो. चूक माझी आहे, पुस्तक मी चिकटवलंय. थांबा, मी म्हणून दाखवतो!" आणि ज्या माणसाने स्वतःच्या लग्नात उखाणाही घेतला नव्हता, त्याने भर हॉलमध्ये छाती काढून खणखणीत सुरू केलं, "बोलायची राहिले! म्हणून आता मी बोलते, जिन्याहूनही जास्त बोलते, शेजाऱ्यांनो कान..."

"बाबा!" माइकमधून आवाज आला. "मधलं गाळलंत."

बाबा थबकले. "मधलं कुठलं? मधे काही नाहीये."

"आहे. पुस्तकांचं मधलं कापता ते कापता, आता माझ्या कवितेचंही कापणार?"

हॉल खदखदून हसला. तीही हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा बदलला. "तुम्ही ऐकलंच नाहीये ते," ती म्हणाली. "मी तिथे नळ सोडायचे. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. आता बसा खाली आणि ऐका."

बाबा बसले. तिने पुस्तक पायाशी ठेवलं, दोन्ही हात मोकळे केले आणि सरळ मागच्या रांगेकडे बघत म्हणायला लागली.

"सगळे म्हणाले, बोल, मोकळी हो.
सगळे म्हणाले, रड, बरं वाटेल.
आणि सगळ्यांनी मिळून
घरातल्या सुऱ्या वरच्या फळीवर ठेवल्या,
कात्री लपवली, ब्लेडं मोजली.
एक माणूस काही म्हणाला नाही.
त्याने आपलं अर्धं टेबल रिकामं केलं,
स्टूल सरकवलं,
आणि माझ्या हातात
नवं पातं घातलेला कटर दिला.
एवढंच म्हणाला, जपून, धार आहे.
आणि पाठ फिरवून आपल्या कामाला लागला.
त्या पाठीकडे बघताना मला कळलं,
मी उद्याही इथे असणार
यावर कुणाचा तरी विश्वास आहे."

मुलाने बाबांचा सदरा सोडला आणि त्यांचा हात धरला. बाबांना तो दिवस आठवत होता, पण असा नाही. त्यांना आठवत होतं ते एवढंच की काय बोलावं ते सुचेना, म्हणून आपण तोंड फिरवलं. त्या तोंड फिरवण्याची लाज त्यांनी दोन वर्षं बाळगली होती. आणि इथे ती पोर त्याचेच आभार मानत होती, माइकवरून, सगळ्या लोकांसमोर.

तिने 'म्हणून' म्हटलं आणि बाबांना ते 'म्हणून' पहिल्यांदा समजलं. पुढचं सगळं ती न अडखळता म्हणाली. शेजाऱ्यांनी कान बंद करावेत असा दम दिला तेव्हा लोक पुन्हा हसले. मग टाळ्या, शिट्ट्या, आणि त्या मेल्या चुटक्यासुद्धा.

ती खाली आली ती गर्दीतून वाट काढत थेट मागच्या रांगेत. बाबा उभे राहिले, पण मान वर होईना.

"पोरी, माझं चुकलं. प्लास्टिक घालायचं विसरलो. हातांनी बांधूनच टाकलं गं. तुझा कागद आत अडकला."

"बरं झालं अडकला."

"बरं काय त्यात? तू तिथे उभी होतीस, माझा जीव गेला इथे."

"त्या कागदावर मधल्या ओळी नव्हत्याच, बाबा," ती म्हणाली. "मी त्या गाळूनच लिहिलं होतं. पुस्तक उघडलं असतं तर मी पुढचं वाचून खाली उतरले असते, आणि तुम्हाला हे जन्मात कळलं नसतं."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. एरवी अशा वेळी ते घसा खाकरून निघून जायचे. या वेळी घसा खाकरला, पण गेले नाहीत.

"मला वाटायचं, मी तुझ्यासाठी काहीच केलं नाही," ते म्हणाले. "अगं, मी तुला कटर दिला तो धीर द्यायला नव्हे. मला एकट्याला बसवत नव्हतं त्या दुकानात. तू शेजारी येऊन बसलीस म्हणून मी तगलो. हे मी तुला कधी सांगितलंच नाही. तुझे फार उपकार आहेत, पोरी, माझ्यावर."

तिला काही बोलायला सुचेना. कधी नव्हे ते. तिने नुसते त्यांचे गोंदाने खरखरीत झालेले हात आपल्या हातांत घेतले आणि बाबा बोलत राहिले.