गॅलरीतला नमस्कार

मंत्री झाल्यावर बाजीरावसाहेब पवनानगरला पहिल्यांदा आले, ते ना जत्रेला ना कुठल्या उद्घाटनाला. ते थेट गफूरच्या घरी चहाला आले. मंत्री आपण होऊन चहाला आला की माणसाने जरा बिचकावं, एवढा शहाणपणा देव सगळ्यांनाच देत नाही. गफूरला तर त्याने तो मुळीच दिला नव्हता. त्याने बायकोला, अजीजुन्निसाला, कपबशा धुऊन घ्यायला सांगितलं आणि शेजारून एक बरी खुर्ची आणली.

गफूर साठीला आलेला, धरणात जाळं टाकून पोट भरणारा माणूस. त्याच्यासारखी बत्तीस घरं होती. ज्यांची शेतं धरणाच्या पाण्याखाली गेली ती माणसं त्याच पाण्यावर मासे धरू लागली आणि त्यांची एक सोसायटी झाली. दरवर्षी परवाना मिळायचा, होड्या पाण्यात जायच्या. तीस वर्षं गफूर आणि महिपती एकाच होडीत होते. एकाने वल्हवायचं, दुसऱ्याने जाळं सोडायचं, आणि भांडायचं दोघांनी.

पण गफूरचं नाव तालुक्यात झालं होतं ते दुसऱ्याच कामामुळे. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची पोरं काठावर तंबूत येतात, पाण्याचा अंदाज नसतो, उतरतात आणि बुडतात. मग पोलीस गफूरला फोन करायचे. गफूर खाली जायचा आणि पोराला वर आणायचा. आईबाप काठावर उभे असायचे. त्यांच्याकडे न बघता तो ओल्या अंगाने घरी यायचा आणि त्या दिवशी जेवायचा नाही.

"किती जण काढलेत आजवर, गफूरभाई?" साहेबांनी चहा फुंकत विचारलं.

"मोजलं न्हाई साहेब. मोजू वाटत न्हाई."

"तरी अंदाजे?"

"पन्नासेक असतील."

साहेबांनी मान खाली घातली. खरंच वाईट वाटलं असेल, नाही असं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं की असे बळी थांबावेत म्हणून सरकार जलाशय सुरक्षा आणि पर्यटन विधेयक आणतंय आणि ते सभागृहातून पार पाडायचं काम त्यांच्याकडे आहे. धरण एकाच संस्थेच्या ताब्यात द्यायचं, तिच्या होड्या, तिची माणसं, बाकी कोणी पाण्यात उतरायचं नाही.

दारात महिपती उभा होता. त्याने गफूरकडे पाहिलं, गफूरने साहेबांकडे. "साहेब, आमची बत्तीस घरं हायेत. आमच्या जाळ्याचं काय?"

साहेबांनी कप खाली ठेवला आणि गफूरच्या खांद्यावर हात ठेवला. "मी इथल्याच आंबी गावचा आहे, गफूरभाई. परका नाही. बत्तीस घरांच्या जाळ्याला हात लागणार नाही. कायद्यात तसं लिहून घेतो."

त्या संध्याकाळी महिपतीने सगळ्या सोसायटीला ही बातमी सांगितली, आणि सांगताना खांद्यावरचा हात दोन वेळा सांगितला.

मार्चमध्ये साहेबांचा स्वीय सहायक आदिनाथ याचा फोन आला. मंगळवारी विधेयक येतंय, साहेबांनी गॅलरीचा पास काढलाय, गफूरभाई हवेतच. गफूरला वाटलं, साहेब दिलेला शब्द पाळणार आणि तो आपल्या डोळ्यांदेखत पाळणार. महिपतीने आपलं लग्नकार्यात घालायचं जाकीट त्याला दिलं, खांद्यात जरा घट्ट होत होतं. लोणावळ्यापर्यंत जीप, तिथून साहेबांची गाडी.

विधान भवनात त्याचा फोन काढून घेतला, तंबाखूची पुडीही घेतली. शिपायाने बजावलं, "बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, खाली बघून खुणा करायच्या नाहीत. तोंडातून शब्द गेला तर बाहेर काढतील." गफूरने मान डोलावली. गप्प बसणं त्याला जड नव्हतं. पाण्याखाली कोण बोलतं?

खाली अर्धी बाकं रिकामी होती. गफूरला वाटलं होतं, कायदा म्हणजे काहीतरी मोठं असेल, माणसं श्वास रोखून बसली असतील. इथे एक आमदार जांभई देत होते आणि दुसरे फोनमध्ये बघत होते. मग बाजीरावसाहेब उभे राहिले आणि बोलू लागले. बोलणं असं, की ऐकणाऱ्याला वाटावं हा माणूस आत्ता काठावरूनच आलाय. पोरांचे कपडे, चपला, आईचा टाहो. "अध्यक्ष महोदय, माझ्या तालुक्यातल्या एका माणसाने आपल्या हातांनी बावन्न मृतदेह बाहेर काढले आहेत." पन्नासेकचे बावन्न कधी झाले ते गफूरला कळलं नाही, पण पन्नासेकपेक्षा बावन्न जास्त खरं वाटतं हे त्यालाही जाणवलं. आणि खोटं कशाला सांगा, त्या क्षणी त्याची छाती थोडी फुगली.

मग समोरच्या बाजूने सविताताई उठल्या. विरोधी पक्षाच्या आमदार. त्यांनी सुधारणा मांडली होती: धरणांवर आधीपासून मासेमारी करणाऱ्या स्थानिकांचे परवाने कायम राहतील, एवढं एक वाक्य कायद्यात घाला.

गफूर ताठ बसला. ही बाई ते वाक्य मागतेय, म्हणजे ते त्यात नाही. साहेबांनी लिहूनच घेतलेलं नाही.

त्याने खाली साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं. साहेब शांत होते. सविताताई आवाज चढवून म्हणाल्या, "आश्वासनं नकोत. मी यावर मतदान मागणार आहे." आणि मजा अशी की सरकारच्याच बाकांवरचे चार-पाच जण माना डोलावू लागले. त्यांच्याही मतदारसंघांत धरणं होती, त्यांच्याही काठावर जाळी होती. फोन खाली ठेवले गेले. साहेबांच्या मागून एक चिठ्ठी आली, त्यांनी ती वाचली, घडी घातली. मतदान झालं तर साहेब हरतील, हे गफूरसारख्या माणसालाही वरून दिसत होतं. त्याने मनात अल्लाची करुणा भाकली, साहेब हरोत.

साहेब उठले. आवाज अगदी मऊ.

"अध्यक्ष महोदय, ताई ज्यांच्यासाठी भांडताहेत ते गफूरभाई आज स्वतः गॅलरीत आहेत. त्यांच्या घरी बसून, त्यांना विचारून मी हे विधेयक आणलंय. त्यांचा माझ्यावर विश्वास आहे. बत्तीस घरांचा विचार आम्ही नियम करताना जरूर करू. माझी विनंती आहे, ताईंनी सुधारणा मागे घ्यावी."

आणि वर बघून त्यांनी गफूरला हात जोडले.

सगळं सभागृह मान वर करून बघू लागलं. इतकी मोठी माणसं, आणि त्यांचे डोळे एका जाळं टाकणाऱ्या म्हाताऱ्यावर. आपल्या तालुक्याचा मंत्री भरसभेत आपल्याला हात जोडतो, तेव्हा माणूस काय करतो? खिशात हात घालून बसतो? गफूर अर्धवट उठला आणि त्याचे हात जोडले गेले. ओठांवर 'न्हाई' होतं, अगदी ओठांवर. पण बोलायला बंदी होती, आणि शिपाई मागेच उभा होता.

बाकं वाजली. सविताताई बराच वेळ वर बघत राहिल्या. गफूरने मान हलवायचा प्रयत्न केला, पण तोवर त्या वळल्या होत्या. "ज्यांचा प्रश्न आहे त्यांचंच समाधान झालं असेल तर मी कोणासाठी भांडू?" त्यांनी सुधारणा मागे घेतली. अध्यक्षांनी साहेबांना समज दिली की गॅलरीचा उल्लेख करता येत नाही, तो कामकाजातून काढून टाकावा. साहेबांनी लगेच दिलगिरी व्यक्त केली. काम झाल्यावर दिलगिरीला काय लागतं? अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे. होय. विधेयक संमत झाले. गॅस शेगडीवर दूध उतू जायलाही याहून जास्त वेळ लागतो.

परतीच्या गाडीत आदिनाथ खुशीत होता. "काका, आज तुम्ही साहेबांना वाचवलंत."

"मी कुटं काय बोललो?"

"तेच तर," आदिनाथ म्हणाला.

गफूर घरी पोचण्याआधी तो व्हिडिओ पवनानगरला पोचला होता. साहेब हात जोडतायत, गफूर हात जोडतोय, बाकं वाजतायत. जीप थांब्यावर माणसं उभी होती, पण कोणी हाक मारली नाही. घरात अजीजुन्निसाने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "हात कशाला जोडले?"

"त्यांनी जोडले म्हनून."

तिला ते पटलं. सोसायटीत मात्र कोणाला पटलं नाही. कोणी म्हणालं, भाव ठरला असणार. कोणी म्हणालं, गाडीनं नेलं-आणलं तेव्हाच कळायला पाहिजे होतं. महिपती बैठकीत एक शब्द बोलला नाही. जाकीट न्यायलाही आला नाही, गफूरनेच ते नेऊन दिलं.

गफूरने सविताताईंचा नंबर मिळवला. "ताई, तो निस्ता नमस्कार हुता. मी व्हय म्हनलो न्हवतो."

"भाऊ, पाच मतं मिळाली असती मला त्यांच्या बाजूची," त्या म्हणाल्या. "आता कायदा झाला."

तरी त्याने आशा सोडली नाही. लोणावळ्यात एका टायपिस्टकडून विधान भवनाला अर्ज टाइप करून घेतला: माझ्या नावाने सभागृहात जे सांगितलं ते खरं नाही, मी संमती दिलेली नाही, ते दुरुस्त करावं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. संबंधित दिवसाचं कामकाज तपासलं असता त्यात आपल्या नावाचा उल्लेख आढळत नाही, सबब दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही. गफूरने ते पत्र तीन वेळा वाचून घेतलं. जे कागदावर घडलंच नाही ते पुसणार कसं? माणूस इतका एकटा पडू शकतो हे त्याला पाण्याच्या तळाशीही कधी वाटलं नव्हतं.

पावसाळ्यानंतर नियम आले, धरण एका संस्थेच्या ताब्यात गेलं आणि बत्तीस घरांचे परवाने बंद झाले. साहेबांनी शब्दाप्रमाणे बत्तीस घरांचा विचार केला होता. नियमात एक ओळ होती: प्रत्येक जलाशयावर एका स्थानिक, अनुभवी व्यक्तीस जलरक्षक म्हणून नेमावे. आश्वासनाची पूर्तता झाली, अशी नोंदही म्हणे झाली. आदिनाथ स्वतः नेमणुकीचं पत्र आणि नारिंगी जाकीट घेऊन आला. काम सोपं होतं. काठावर फिरायचं, कोणी पाण्यात जाळं टाकलं तर जप्त करायचं आणि नाव पोलिसांना द्यायचं.

"न्हाई जमायचं," गफूर म्हणाला. आदिनाथने ते सामान ओट्यावर ठेवलं आणि तो गेला. दुसरा मिळेपर्यंत संस्थेने बाहेरचे दोघे काठ्या देऊन उभे केले.

आठवड्याने महिपती आला. मार्चपासून पहिल्यांदा त्याने या ओट्यावर पाय ठेवला होता. त्याच्या कोपराला हळद लावलेली होती.

"रुजू हो," महिपती म्हणाला.

"याड लागलं का तुला? तुजं जाळं मी धरू?"

"कोन ना कोन धरनारच हाय. म्या जाळं टाकायचं बंद करनार न्हाई. केलं तर खाऊ काय? काल त्या पोरांनी मला काठीनं हानलं. वय बी बगितलं न्हाई." त्याने कोपर चाचपलं. "तू धरलंस तर मारनार तरी न्हाईस."

महिपतीने शिव्या दिल्या असत्या, तोंडावर थुंकला असता, तर गफूरने ते सहन केलं असतं. हे कसं सहन करायचं ते त्याला कळेना. आत अजीजुन्निसा रडत होती, दोघांनीही ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

गफूर सोमवारी रुजू झाला. बुधवारी सकाळी त्याने महिपतीचं जाळं धरलं. जाळ्यात दोन-अडीच किलो चिलापी होती, अजून जिवंत. संस्थेच्या माणसाने पंचनाम्याचा कागद होडीच्या फळीवर पसरला. महिपतीने पेन हातात घेतलं, कागदावरून नजर फिरवली आणि गफूरला विचारलं, "सही कुटं करू?"

गफूरने बोट ठेवून जागा दाखवली.