आल्या पावली परत निघालेली गिटार

मित्रांनो, मी एक गिटार आहे. जुनी म्हणाल तर मुळीच नाही, माझं पॉलिशसुद्धा अजून नीट मुरलेलं नाही. आपली कहाणी सांगायला म्हणे वय लागतं. लागू दे! घरात पाऊल ठेवलं त्याच दिवशी माझ्यावर जी वेळ आली, ती भल्याभल्या म्हाताऱ्या वाद्यांवर येत नाही. तेव्हा मला बोलायचा पुरेपूर हक्क आहे, आणि तुम्ही ऐकायचंच.

माझा जन्म कामरेजचा. हायवेपासून जरा आत भाईदासभाईंची शेड आहे. तिथे पेट्यांचे भाते बदलतात, तबल्यांना शाई लागते आणि कोणी मागणी केलीच तर गिटारही बनते. मी तेव्हा शिसवीच्या दोन फळ्या होते आणि कोपऱ्यात धूळ खात उभी होते. एका रविवारी एक तरुण आला. उकाड्याने जीव चाललेला, तरी डावा हात खिशातून बाहेर काढेना. त्याचं नाव योगराज.

भाईदासभाईंनी चहा पुढे केला तेव्हा कुठे तो हात बाहेर आला. मधली दोन बोटं अर्ध्यावर संपलेली होती. पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये कापड ओढणाऱ्या रुळांनी ती नेली होती. त्याआधी हा मुलगा कानबाई देवीच्या जागरात, वस्तीतल्या लग्नांत गिटार वाजवायचा. गिटारीच्या तारा डाव्या हाताने दाबायच्या आणि उजव्याने छेडायच्या, ही जगाची रीत. दाबणारी बोटंच गेली म्हटल्यावर त्याची जुनी गिटार भिंतीवर गेली आणि गाणंही बंद झालं.

"भाईदासभाई, दोन्ही हातांची कामं बदलली तर?" त्याने विचारलं. "उजव्याने दाबेन. डाव्याचा अंगठा आणि तर्जनी शाबूत आहेत, तेवढ्याने छेडेन. मला उलटी गिटार बनवून द्याल?"

"बनशे, दीकरा, केम नहीं बने?" भाईदासभाई म्हणाले आणि त्यांनी लगेच दोऱ्याने त्याच्या दोन्ही पंजांची मापं घेतली. जाताना त्याला माझ्या मानेच्या जाडीची एक लाकडी पट्टी तासून दिली. म्हणाले, हिच्यावर उजव्या हाताला वळण लाव, तोवर मी गिटार घडवतो.

मित्रांनो, माझी अशी वाट बघितली गेली की काय सांगू! कोणाच्या लग्नाची बघत नसतील. योगराज रोज फोन करायचा. "आज काय झालं तिचं?" आज पोट चिकटवलं. आज मान बसवली. आज पॉलिशचा पहिला हात दिला. मग तो फोटो मागायचा. अहो, माझ्या अंगावर एकही तार नव्हती आणि हे फोटो काढायला लावतात! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण खरं सांगू, आवडायचंही. आपली कोणीतरी इतकी वाट बघतंय म्हटल्यावर मी पॉलिशसुद्धा शहाण्यासारखं सुकवून घेतलं.

घरी काय चाललं होतं ते मला पुढे भिंतीवरच्या थोरलीने सांगितलं. थोरली म्हणजे ती जुनी गिटार. तिच्या अंगावर योगराजच्या आईने, शोभाबाईने, जुन्या साडीची खोळ शिवून घातली आहे, पण कान शाबूत आहेत तिचे. ती म्हणाली, पोरगा जेवताना पट्टी दाबतोय, टीव्ही बघताना पट्टी दाबतोय, झोपेतसुद्धा बोटं हलतायत. शोभाबाई घाबरून गेली होती. "लाकूड का दाबस रे?" तिने विचारलं, तर हा नुसता हसला. नवी गिटार येणार, माझ्या मापाची येणार, एवढंच त्याने घरात सांगितलं होतं. उलटी येणार हे काही सांगितलं नव्हतं. कारण ते सांगायचं तर त्या हाताचा विषय काढावा लागला असता, आणि त्या घरात तो विषय कोणीच काढत नव्हतं. त्याचे वडील दगाआबा तर मुलाच्या उजव्या बाजूलाच बसायचे. डावीकडे नजर गेली की त्यांचा घास घशाखाली उतरत नसे.

आणि नेमकी इथेच माझी फजिती झाली.

ठरलं होतं असं की सुट्टीच्या दिवशी योगराज स्वतः येऊन मला नेणार. पण त्याआधीच एक टेम्पो पांडेसऱ्याकडे निघाला होता. भाईदासभाईंना वाटलं, पोरगा किती दिवस तळमळतोय, चकित करू या त्याला. मला खोक्यात निजवलं, आजूबाजूला चिंध्या कोंबल्या आणि दिलं धाडून. योगराज तेव्हा मिलच्या फाटकावर ड्युटीवर होता. अपघातानंतर त्याला तिथेच बसवलं आहे. घरी होते दगाआबा आणि शोभाबाई.

खोकं उघडलं तशी शोभाबाई हरखली. "बाई बाई, काय चमकस!" म्हणत हळदकुंकवाचं ताट आणायला धावली. घरात नवं यंत्र आलं, शिलाई मशीन असो की मिक्सर, की आधी कुंकू लागतं, मग काम. मी मान ताठ करून वाट बघत राहिले.

आता दगाआबांचं काम काय, ते ऐका. मिलच्या चेकिंग खात्यात त्यांची उमर गेली. तयार कापड पसरायचं, हात फिरवायचा, उलटी बाजू सुलटी बाजू बघायची. डाग दिसला, छपाई उलटीकडे गेली, की तो कापडाचा ताका त्याच गाडीने परत. उद्यावर टाकायचं नाही, कारण खोटा माल खात्यात रात्रभर राहिला तर तो आपल्याच माथी बसतो. अशी त्यांची नजर! त्यांनी थोरलीची खोळ काढली, तिला माझ्या शेजारी उभं केलं, आणि त्यांचा चेहराच उतरला. तिची जाड तार एका कडेला, माझी दुसऱ्या कडेला. तिचं पोट इकडून कापलेलं, माझं तिकडून.

"हाई तं उलटी शे!" ते ओरडले. "पुरी उलटी बनाडी दिनी!"

"कुकू तं लावू द्या," शोभाबाई ताट घेऊन उभी.

"कसानं कुकू? खोटा माल शे हा! पोऱ्यानी इतली वाट देखी, आते हाई देखीसन काय व्हई त्यानं? पोऱ्या येवाना आगोदर परत करी येस."

मला बोलता येत असतं तर तिथेच सांगितलं असतं, आबा, मी उलटी आहे म्हणूनच त्याची आहे! पण वाजवल्याशिवाय आम्हाला तोंड नसतं. खोक्याचं झाकण बंद झालं. दार लागलं, रिक्षा सुरू झाली आणि मी आल्या पावली परत निघाले. मित्रांनो, त्या अंधारात माझा जीव नुसता थाऱ्यावर नव्हता. ज्याने माझी इतकी वाट पाहिली, त्याने मला अजून हातात घेतलंसुद्धा नव्हतं. आणि परत आलेला माल म्हणून मला पुन्हा कोपऱ्यात टाकलं तर? माझी मान उलटी, माझ्या तारा उलट्या. दुसरं कोण घेणार मला?

दगाआबांनी रस्ताभर खोकं मांडीवर धरलं होतं. खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलून धरत. खोटा माल म्हणत होते आणि जपत होते तान्ह्या बाळासारखं. मधूनच पुटपुटत होते, "त्याले कळाले नको, बस, त्याले कळाले नको."

कामरेजला उतरले ते तणतणतच. "भाईदासभाई, आम्ही गरीब म्हणून उलटासुलटा माल खपवता काय?"

भाईदासभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "दगाभाई, शांत व्हा. ए तो डाबा हाथनी छे."

"कोणाच्या डाव्या हाताची?"

तेव्हा भाईदासभाईंना उमगलं की ह्या माणसाला कोणी काही सांगितलेलंच नाही. त्यांनी मला खोक्यातून काढलं. आपल्या डाव्या पंजाची मधली दोन बोटं दुमडली आणि उरलेल्या अंगठ्या-तर्जनीने माझी जाड तार छेडली. "हा हात छेडणार," ते म्हणाले, "आणि उजवा दाबणार. तुमच्या मुलाने स्वतः शोधून काढलंय हे."

दगाआबा लाकडाच्या ढिगावर बसले. त्या दुमडलेल्या बोटांकडे बघत राहिले. मुलाच्या हाताकडे ज्यांना बघवलं नाही, ते एका परक्या माणसाच्या हातात तो हात बघत होते. मग खांद्यावरच्या रुमालात तोंड लपवून ते हमसून हमसून रडले.

एवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. योगराज घरी पोचला होता आणि शोभाबाईने रडत रडत सगळं सांगितल्यावर मित्राची गाडी घेऊन तसाच निघाला होता. धापा टाकत आत आला. आधी मला बघितलं, मग वडिलांना.

"तुनी माले सांगं का नही रे?" दगाआबांनी विचारलं.

"कसं सांगू, आबा? तुम्ही माझ्या डावीकडे कधी बसलातच नाही."

दगाआबा उठले. मुलाला ढिगावर बसवलं, मला त्याच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः त्याच्या डावीकडे जाऊन बसले. योगराजची उजवी बोटं माझ्या मानेवर पडली, तशी मी ओळखलं, ही बोटं मला पाठ करून आली आहेत. पहिला सूर फाटका निघाला. दुसराही. तिसरा मात्र असा स्वच्छ निघाला की भाईदासभाईंच्या हातातली कानस थांबली. हुश्श! मित्रांनो, माझ्या पोटात पोकळीच पोकळी असते, पण त्या दिवशी ती समाधानाने भरून गेली.

घरी आलो तेव्हा शोभाबाई ताट घेऊन दारातच उभी होती. तिने माझ्या कपाळावर, म्हणजे खुंट्यांच्या जरा खाली, कुंकू लावलं. आता तरी लागलं एकदाचं! योगराज आत जाऊ लागला तर तिने त्याला थांबवलं. "थांब. कामले लागनारा अजून एक शे." आणि त्याचा डावा हात ओढून घेतला, त्या दोन अर्ध्या बोटांच्या टोकांना कुंकू लावलं, आणि सोडलाच नाही किती तरी वेळ.

तेव्हा मित्रांनो, माझ्या तारा पुसत जा, मला उन्हात टाकू नका, हे तर मी सांगेनच; प्रत्येक वाद्य सांगतं. पण एखादी गोष्ट उलटी दिसली म्हणून लगेच परत धाडू नका. आधी ती कोणाच्या हातासाठी बनली आहे ते विचारा. आणि तो हात तुमच्याच घरात असेल, तर त्याच्याकडे बघायचं टाळू नका. जरा त्या बाजूला सरकून बसा.