तमाशाआधीचा फोन

बाईंचा नियम साधा होता. फोन करायचा तो तमाशा करायच्या आधी. तमाशा उरकून केला, तर पुढचे चोवीस तास बाई बोलणार नाहीत. मी मात्र सत्तेचाळीस वर्षं नेमकं उलटं करत आले होते: आधी आग लावायची, मग बंब बोलवायचा.

बाई म्हणजे माझ्यावर उपचार करणाऱ्या, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. माझ्या आजाराचं, क्षणात भावनांचा तोल सुटण्याचं, नाव बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, हे त्यांनी गेल्या वर्षी सांगितलं. त्याआधी घरात सगळे त्याला ‘हिचा स्वभाव’ म्हणायचे. त्या स्वभावापायी एक नवरा आणि सात नोकऱ्या गेल्या. आठवी, कपडे दुरुस्तीच्या दुकानातली, अजून टिकून होती.

त्या दुपारी एका पँटची तुरपाई करत होते, तेवढ्यात लेकीचा मेसेज आला. तिला नववा लागला होता.

‘आई, बाळ झाल्यावर पहिला आठवडा तू नको येऊस. मला शांतता हवी आहे.’

म्हणजे अशांतता ती मी! ‘पहिलाच कशाला? कधीच येत नाही. आई मेली समज,’ असं लिहूनसुद्धा झालं. असाच एक मेसेज तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी गेला होता. त्यानंतर दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नव्हती.

पाठवायचं तेवढं बाकी होतं. मी उठले आणि बाईंनी शिकवलं होतं तसं इस्त्रीवाल्या मामांच्या गार पाण्याच्या घमेल्यात तोंड बुडवलं.

“अहो ताई, ते पाणी कपड्यांसाठी आहे!”

“मग मी काय कमी चुरगळलेय?”

मामांनी टॉवेल पुढे केला. मी बाईंना फोन लावला.

“तमाशा झाला का?”

“नाही.”

“मग बोलू या.”

लेकीचा मेसेज वाचून दाखवला. वाटलं, आता म्हणतील, तिला तसं म्हणायचं नव्हतं. छे!

“तिला तुमची भीती वाटते, ताई. कारण आहे ना तसं?”

“आहे,” मी नाक ओढत म्हणाले.

“आणि तुम्हाला लागलं. तेही खरंच आहे.”

दोन्ही एकदम खरं, हे मला अजून पचत नाही. माझ्या लेखी माणूस एक तर देव, नाही तर वैरी. सकाळचा देव दुपारपर्यंत टिकला तर नशीब.

“तुम्हाला जिंकायचंय की नातवंडाला भेटायचंय?”

“दोन्ही.”

बाई हसल्या. “एकच मिळेल.”

लिहिलेलं पुसलं. नवीन लिहिलं: ‘बरं. वाईट वाटलं, पण कळलं. आठव्या दिवशी येऊ का?’ पाठवलं. पँटचा दुसरा पाय उरकला तरी उत्तर नाही. मग फोनच वाजला.

“आई, हे तूच लिहिलंस?”

“मीच. का?”

“नाही, मी धसका घेऊन बसले होते.” मग हळूच, “तू ठीक आहेस ना?”

“मुळीच नाही. रडतेय. पण ते माझं मी बघते.”



“आठव्या दिवशी ये,” ती म्हणाली. “पण दोनच तास हं.”

दोन तासांत काय होतं, असं अगदी ओठांवर आलं. ते गिळलं आणि विचारलं, “किती वाजता येऊ?”