एकसष्ट सह्या

विद्यापीठात शिकता शिकता तिथल्याच ग्रंथालयात पुस्तकं लावण्याचं काम करणारी ती मुलगी पगार विभागाच्या दाराशी पोहोचली, तेव्हा हातातल्या कागदांची टाचणी सरळ आहे ना, हे तिने पुन्हा एकदा पाहिलं. आत टाचणीबाई बसत. त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. कागदाला टाचणी वाकडी लावलेली दिसली की बाई तो न वाचताच परत करायच्या, म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव.

मुलीला पाठवलं होतं मामाने. तो दुकानदारांची कराची कामं बघायचा. तिची पगाराची पावती सहज त्याच्या हाती लागली आणि तो उडालाच. "अगं, निवृत्ती-विम्याचा कर, म्हातारपणच्या पेन्शनसाठी कापतात तो, तुझा कशाला कापतायत? जिथे शिकतो तिथेच काम करणाऱ्या विद्यार्थ्याला तो माफ असतो! जा, माग परत. ऐकलं नाही तर भांड."

भांडायच्या तयारीनेच तिने नियमाचं पान टेबलावर ठेवलं. बाईंनी ते दोनदा वाचलं, मग संगणकात एकेक नाव तपासत गेल्या.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "तीन वर्षांपूर्वी नवी यादी केली, तेव्हा विद्यार्थी मी हंगामी कामगारांत घातले, आणि त्यांचाही हा कर कापला जाऊ लागला. तुला धरून एकसष्ट जण."

मुलीने पाठ केलेलं सगळं भांडण वाया गेलं.

बाई तशाच उठून शेजारच्या खोलीत साहेबांकडे गेल्या. दार उघडंच होतं.

"हिचे देऊन टाका," साहेब म्हणाले. "बाकीचे मागतील तेव्हा बघू."

"त्यांना माहीतच नाही, तर ते मागतील कसे?"

"अहो, मग चूक कुणाची ते वर लिहून द्यावं लागेल."

"देते ना लिहून."

खरी धावपळ पुढेच होती. कर कार्यालयाला प्रत्येकाची सही हवी होती, आणि सर्वांत जुन्या वर्षाचे पैसे मागायची मुदत बावीस दिवसांत संपत होती. बेचाळीस जण आवारातच सापडले. एकोणीस मात्र शिक्षण संपवून कधीच पांगले होते. मुलगी तास संपले की बाईंच्या टेबलापाशी येऊन जुने पत्ते शोधू लागली. बाई फोन लावायच्या. "तुमचे पैसे परत द्यायचे आहेत," म्हटलं की निम्मे लोक फसवणूक समजून फोन आपटायचे. बाई पुन्हा लावायच्या. कपाळावर एक आठी नाही.

शेवटी एकच उरला. दोन बस बदलून दोघी त्याच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या. बाईंचं ओळखपत्र बघून त्याचा चेहरा पडला.

"फोनवर तुम्हीच होता? मी तर शिव्या दिल्या तुम्हाला."

"दिल्यास. तिसऱ्यांदा जरा जास्तच दिल्यास. आता हात पूस आणि इथे सही कर."

मुदतीला दोन दिवस असताना गठ्ठा कर कार्यालयात गेला. चार महिन्यांनी सगळ्यांच्या खात्यांत पैसे आले. मुलीची पुढच्या सत्राची फी त्यातच भागली. बाईंना मात्र हलगर्जीपणाबद्दल लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी वाचली आणि फाइलमध्ये लावून टाकली.

मुलीला राहवेना. "बाई, माझ्या एकटीचे देऊन गप्प बसला असता, तर कुणाला कळलंही नसतं."

"मग त्यातली इथली मुलं मला रोज जिन्यात भेटली असती," बाई म्हणाल्या. "आणि मला वर बघता आलं नसतं. सरक जरा, मागे रांग लागलीय."

मुलगी बाजूला झाली, पण लगेच निघाली नाही. भिंतीला टेकून ती थोडा वेळ त्यांना काम करताना बघत राहिली. या बाईंना आपण इतकी वर्षं घाबरत होतो, याचं तिला हसू आलं, आणि आपणही कधी चुकलो तर असंच चुकावं, असं मनापासून वाटलं.