यशोदाबाईंची झोप

बोळिंजच्या 'निष्कलंक हाइट्स'मध्ये चूक नावाची गोष्ट उरली नव्हती. कोणी ती कबूल केली की भिंतीतलं यंत्र ऐकायचं, दहा मिनिटांत पांढऱ्या कपड्यांतलं पथक यायचं आणि करणाऱ्याच्या नि ऐकणाऱ्याच्या, दोघांच्याही डोक्यातून ती पुसून टाकायचं. ज्याला पुसून घ्यायचं नसेल त्याने घर सोडायचं. असा शहाणा आजवर निघाला नव्हता. टू बीएचके कोण सोडतो?

एडवर्ड मास्तर मात्र अठरा वर्षं आतून कुरतडले जात होते. इमारतीच्या जागी वाड्या होत्या तेव्हाची गोष्ट. शेजारचा तुळशीदास लग्नाला गेला होता, पानवेलींचं पाणी बायकोवर सोपवून. यशोदाबाई विहिरीवर पंप लावून स्वयंपाकाला वळल्या की मास्तर पाट फोडून पाणी आपल्या केळींकडे घ्यायचे. भर वैशाखात वेली करपल्या. बाई झोपली असणार, असं तुळशीदासने ठरवून टाकलं आणि मास्तरांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. तेव्हापासून तुळशीदास रोज जेवताना बायकोला त्या झोपेवरून टोमणा मारी. यंत्राची हरकत नसे. नवऱ्याचे टोमणे त्याच्या यादीत 'घरगुती संवाद' या सदरात होते.

ईस्टरआधी मास्तर पापनिवेदनाला गेले. फादर म्हणाले, देवाचं मी बघतो, बाईंना तुम्हीच सांगा.

त्या दुपारी मास्तरांनी समोरचं तुळशीदासचं दार वाजवलं. दोघांसमोर एका दमात सगळं सांगून टाकलं.

"चूक नोंदली. पथक निघालं आहे," भिंत म्हणाली.

यशोदाबाई भाताचा डाव हातात धरून उभ्याच राहिल्या. मास्तर त्यांच्या तोंडाकडे बघत होते. एक शब्द, शिवी का असेना, पण विसरायच्या आत मिळायला हवा होता. लिफ्ट वर येत असल्याचं ऐकू येत होतं.

पथक आत आलं. तुळशीदासने घाईघाईने डोकं पुढे केलं. आपलं आधी पुसा म्हणाला. मग पथक बाईंकडे वळलं.

"माझं राहू दे," त्या म्हणाल्या. "अठरा वर्षांनी हातात आलंय."

पथकाने नियम सांगितला. बाईंनी चपला घातल्या.

आता मास्तरांची पाळी. एका मिनिटात सुटका झाली असती, रात्रीची झोपही लागली असती. मग बाई झोपली नव्हती, हे या इमारतीत सांगणार कोण? मास्तरांनी नकाराची मान हलवली आणि तेही बाहेर पडले.

जिन्यापर्यंत तुळशीदासचा टवटवीत आवाज आला. ही बाई पुन्हा कुठं झोपली, म्हणून तो विचारत होता.

मास्तर मागे फिरले आणि सातव्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडले, "त्या झोपल्या नव्हत्या, भाऊ. पाणी मी चोरलं होतं."

यशोदाबाई पायरीवर थांबून ऐकत होत्या. मास्तरांनी हात जोडून क्षमा मागितली.

"मी आगाशीला भावाकडे चालले," त्या म्हणाल्या. "क्षमेचं रविवारी येऊन विचारा, मास्तर. आज मला मनासारखं रागवायचंय."