हलक्या हाताने धरलेली नळी

"प्रतिजन," सासूबाईंनी चष्म्यावरून विचारलं. एका हाताने शिलाई मशीनचं चाक थांबवलेलं, दुसऱ्या हातात जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचं कार्ड.

"शरीराला परकी वाटणारी खूण. दुसऱ्याच्या रक्तपेशीच्या अंगावर असते तशी," सूनबाई डबा भरता भरता म्हणाली.

"प्रतिपिंड?"

"त्या खुणेला जाऊन धरणारं. आपल्याच रक्तातलं. दोन हातांचं."

"आसक्ती?" सासूबाई अडल्या. "हे काय गं? रक्त तपासायला चाललीस की कुणाचं लग्न जुळवायला?"

"तो हात खुणेला किती घट्ट धरतो, ते."

"मग पकड म्हणा की सरळ! पुस्तकवाल्यांना साधं बोलायला काय होतं?"

सूनबाईची दोन मुली वाढवण्यात दहा वर्षं गेली होती. हे शब्द ती परक्या भाषेत शिकली होती, आणि तेही पोळपाटाखाली कुठेतरी दडपले गेले होते. आता रक्तपेढीत तीन आठवड्यांच्या चाचणीवर तिला घेतलं होतं. तिथल्या डॉक्टर मॅडमचा एकच हट्ट, रुग्णाच्या माणसांना सगळं त्यांच्या भाषेत सांगता आलं पाहिजे. म्हणून ही साठ कार्डं. सासूबाईंनी ती लिहून तर दिलीच, वर त्यांना चालीही लावल्या. सासूबाईंची जीभच तशी. विजेच्या बिलालासुद्धा यमक जुळवायच्या.

"ऐक, रात्री सुचलंय,

पाहुणा आला दारी, अंगावर त्याच्या खुणा
प्रतिपिंड म्हणे बाई, हा तर ओळखीचा जुना."

"पहिल्या खेपेला नाही ओळखत, आई. पहिल्यांदा नुसतं बघून ठेवतं. पाहुणा दुसऱ्यांदा आला की धरतं."

"म्हणजे तुझ्या सासऱ्यांसारखं नाही. ते दहाव्यांदाही विचारतात, कोण आपण?"

दोघी हसल्या. सूनबाईने चप्पल घातली. आज चाचणीचा शेवटचा दिवस होता.

रक्तपेढीतला नियम असा होता. रुग्णाचं रक्त आणि द्यायच्या पिशवीतलं रक्त जुळतं का, हे दोघांनी वेगवेगळं पाहायचं. दोघांच्या नळ्या वेगळ्या, वह्या वेगळ्या, आणि लिहून होईपर्यंत एकमेकांशी चकार शब्द नाही. दुसरं वाचन मास्तरांचं. एकतीस वर्षं याच टेबलाशी बसलेले. निम्म्या गावाच्या प्रयोगशाळांतली माणसं त्यांच्या हाताखाली तयार झाली, म्हणून मास्तर. मॅडम रोज दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघत. सूनबाईची वही मास्तरांच्या वहीशी दोनदा जुळली नाही तर चालेल, तिसऱ्यांदा नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या दोन चुका होऊन बसल्या होत्या.

दुपारी एका सुताराचं रक्त आलं. खुब्याचं हाड मोडलेलं, उद्या सकाळी ऑपरेशन, दोन पिशव्या हव्या होत्या. त्याची बायको खिडकीबाहेरच्या बाकावर डब्याची कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

सूनबाईने नळ्या लावल्या. ऊब दिली, धुतल्या, औषधाचे थेंब टाकले, यंत्रात फिरवल्या. नळीच्या तळाशी लाल ठिपका जमला. आता नळी दिव्यासमोर तिरकी धरायची आणि बघायचं. रक्त जुळत असेल तर ठिपका धुरासारखा विरघळत वर येतो. प्रतिपिंडांनी परक्या पेशी धरल्या असतील तर त्यांच्या गुठळ्या होतात.

पहिल्या पिशवीची नळी तिने कलती केली. धूर निघाला. पण धुरात काहीतरी चमकलं. नदीच्या पाण्यात ओंजळ बुडवावी आणि पाण्याबरोबर दोन-चार वाळूचे कण यावेत, तसं. तिने श्वास धरून नळी पुन्हा कलवली. कण होते.

टेबलाच्या पलीकडे मास्तर गुणगुणायला लागले. रक्त जुळलं की ते गुणगुणत, त्यांना स्वतःला ते ठाऊकही नव्हतं. म्हणजे त्यांच्या नळीत काही नव्हतं.

तिच्या हातात पेन होतं. 'जुळतं' एवढंच लिहायचं. एकतीस वर्षं जुना डोळा काय चुकणार? आपल्याच डोळ्यांवर दहा वर्षांची साय. लिहिलं की उद्यापासून नोकरी पक्की. तिने खिडकीकडे पाहिलं. सुताराची बायको डबा उघडून, दोन घास खाऊन, उरलेलं कुणासाठी तरी झाकून ठेवत होती.

तिने लिहिलं, 'क्षीण, पण आहे. जुळत नाही.'

मॅडमनी वह्या शेजारी ठेवल्या. त्यांची भुवई वर गेली.

"तिसरा फरक," त्या म्हणाल्या.

"ताई, माझ्या नळीत खरंच काही नव्हतं हो," मास्तर म्हणाले. आवाजात टोचणी नव्हती, उलट त्यांना वाईटच वाटत होतं.

"मला दिसलं ते लिहिलं, मॅडम."

"मग मास्तरांना का दिसलं नाही? बाहेर त्या बाई बसल्यात ना, त्यांना सांगताय असं सांगा."

साठच्या साठ कार्डं डोक्यातून उडून गेली. उरलं ते नुसतं बोलणं.

"तुमच्या नवऱ्याच्या रक्तात पहारेकरी आहेत, बाई. त्यांनी या पिशवीतल्या पेशी ओळखल्यात. पण थोडेच आहेत, आणि त्यांची पकड सैल आहे. नळी जोरात हलली तर हात सुटतो. हात सुटला म्हणजे धरलाच नव्हता, असं नाही. आत शरीरात कुणी नळी हलवत नाही. तिथे ते धरतील आणि पेशी फुटतील."

मास्तर आपल्या उजव्या मनगटाकडे बघत होते. रोज शंभर नळ्या हलवून त्या मनगटाला एक झटका जडला होता. टिचकी मारल्यासारखा, सवयीचा, ऐटीतला.

"परत लावतो," ते म्हणाले.

पाऊण तास गेला. या वेळी मास्तरांनी नळी दोन बोटांत अशी धरली, जणू आत कुणी झोपलंय. कलवली. थांबले. पुन्हा कलवली.

"आहे," ते हळूच म्हणाले. "वाळू आहे, मॅडम."

सूनबाई खिडकीशी गेली. "यांना पूर्वी कधी रक्त चढवलं होतं का?"

"माझ्यासमोर तर नाही. लग्नाआधीचं मला काय माहीत?" बायको उठली, वॉर्डात जाऊन आली आणि पदर सावरत म्हणाली, "विशीत असताना करवत लागली होती म्हणे मांडीला. दोन बाटल्या दिलेल्या. बघा, बावीस वर्षं संसार केला आणि हे आज कळतंय!"

"आणखी काय काय लपवलंय विचारून घ्या, आता पळूनही जाता येणार नाही त्यांना," मास्तर आतून म्हणाले. बाई प्रथमच हसली.

आधीच्या दोन्ही पिशव्या बाजूला ठेवून फ्रिजमधल्या आणखी आठ लावून पाहिल्या. चौथी आणि सातवी जुळली. दोघांनी वेगवेगळं लिहिलं, आणि दोन्ही वह्यांत एकच निघालं.

मॅडमनी सही केली. "आजचा फरक तुमच्या चुकांत धरत नाही," त्या सूनबाईला म्हणाल्या. "उद्या नऊला या. पत्र तयार असेल."

"एकतीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो, नळी हळू हलवा," मास्तर डोकं खाजवत होते, "आणि माझाच हात घोड्यावर!" ते उठले. आपलं स्टूल त्यांनी दिव्यापासून हातभर सरकवलं आणि त्या उजेडात तिचं मांडलं. "बसा ताई. प्रसूतिवॉर्डातलं आलंय. तुमचं होईपर्यंत मी तोंड उघडत नाही."

ती बसली. दिवा ऊबदार होता. तिने नळी उचलली.