मेस्सीवाली आणि रोनाल्डोवाली

कप्तान हर्षाच्या फुटबॉल संघात मुली अकरा आणि पक्ष दोन. हर्षा सोडली तर निम्म्या मेस्सीच्या, निम्म्या रोनाल्डोच्या. राखी मेस्सीवाली, मोनू रोनाल्डोवाली. दोघी पोरी तेज, पण एकमेकींना चेंडू द्यायचा म्हटलं की यांच्या पोटात दुखायचं. म्हणून हर्षा त्यांना मैदानाच्या दोन टोकांना ठेवायची. गेल्या साली लाखांदूरच्या स्पर्धेत त्या तशाच हरल्या, आणि तो सगळा तमाशा हर्षानं गोलात उभं राहून पाहिला.

तिची आई सुमनबाई धानाची रोपं लावणाऱ्या, रोवणीच्या बायांची टोळी चालवायची. तिनं यंदा बजावलं, "हरलीस त खेळ बंद. ऐन रोवणीत सुट्टी कायले देऊ मी?"

"नाही हरत," हर्षा म्हणाली. कसं, ते तिलाही ठाऊक नव्हतं. पण डगमगणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

यंदाच्या सामन्याच्या दोन दिवस आधी बाया कमी पडल्या आणि सगळा संघच बांधीत, धानाच्या चिखलात उतरला. सुमनबाई मैत्रिणींना कधी शेजारी लावायची नाही. गप्पांत हात थांबतात. जिचं जिच्याशी पटत नाही, ती तिच्या बाजूला. राखीला मोनूशेजारी लावलं. दोघी ईर्ष्येनं मागं सरकत धान रोवू लागल्या. मधेच मोनूची रोपं संपली. एकीची जागा रिकामी राहिली की सगळी ओळ अडते, आणि अडलेल्या ओळीची सुमनबाई गय करत नाही. राखीनं आपली पेंढी मोनूकडे फेकली.

"घे. नाही त म्हणशील, रोपं नव्हती म्हणून रोनाल्डोवाली हरली."

हर्षानं मनात खूणगाठ बांधली. सामन्यात तिनं दोघींना मधोमध, शेजारीशेजारी उभं केलं.

लाखनीच्या मुली तगड्या होत्या. खेळ संपत आला तरी गोल नाही. राखी त्यांच्यातल्या दोघींच्या कचाट्यात सापडली. गेल्या साली तिनं तिथूनच हट्टानं मारला असता. आता तिनं मान वर न करता चेंडू बाजूला ढकलला. मोनू तिथं होतीच, तिनं गोल केला. मग गोल नक्की कुणाचा यावरून दोघी तिथंच भांडत बसल्या, आणि हर्षा पोट धरून हसली.

शिट्टी झाल्यावर सुमनबाई मैदानाच्या कडेनं आली. पायांना अजून बांधीचा चिखल होता.

"जिल्ह्याचा सामना कोणत्या दिवशी हाये?"

"पुढच्या मंगळवारी. काहून?"

"त्या दिवशी मी रोवणी ठेवत नाही. बाया पाहाले येऊन राहिल्या."

वीस वर्षांत सुमनबाईनं अंगात ताप असतानाही रोवणी बुडवली नव्हती. हर्षाला रडू आलं, आणि तिनं ते कुणापासून लपवलं नाही.